पणबाई

जिथं सगळे डोळे मिटून ‘आमेन’ म्हणत, तिथं ती डोळे उघडे ठेवून गप्प बसायची. ‘‘ज्याची खात्री नाही, त्याला आमेन कशी म्हणू?’’ असं उघड विचारायची. माझे बाबा झरीच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक. उपासना संपली की ती दारात त्यांना गाठायची. ‘‘पाळकसाहेब, सगळं पटलं. पण...’’ म्हणून आम्ही पोरींनी तिचं नाव ठेवलं पणबाई.

मला तिचा राग यायचा. पेटी मी वाजवायची, प्रार्थनाघर मी झाडायची, बाबांना कधी उलटून विचारलं नव्हतं. आणि जेवताना बाबा बोलायचे ते तिच्याबद्दल. ‘‘त्या बाईला देव खरंच हवाय गं,’’ म्हणायचे. मग मला काय नको होता?

तिचा नवरा तिला सोडून वेवजीला दुसऱ्या बाईबरोबर राहायला गेला. तेव्हापासून प्रभूच्या प्रार्थनेत ‘जशी आम्ही इतरांना क्षमा केली, तशी तू आम्हांला कर’ ही क्षमेची ओळ आली की ती तोंड मिटायची. बाकीची प्रार्थना म्हणायची, तेवढी ओळ गाळायची. आठ वर्षं.

नवरा तिकडेच वारला. मग कळलं, त्या बाईला टीबी झालाय आणि तिच्या माणसांनी तिला पडवीत टाकलंय. पणबाई आमच्या अंगणात येऊन उभी राहिली.

‘‘पाळकसाहेब, मी नाही गेले तर देव मला टाकील?’’

‘‘नाही टाकणार,’’ बाबा म्हणाले.

‘‘मग बरं,’’ म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमध्ये बसून वेवजीला गेली आणि सवतीला घरी घेऊन आली.

पाड्यात लोक हसले. ती चिकूच्या वाडीत कामाला जायची, आल्यावर सवतीला गोळ्या द्यायची, तपासणीला डहाणूला न्यायची. काही महिन्यांनी दोघी उपासनेला आल्या. त्या रविवारी क्षमेच्या ओळीला तिचा आवाज आला, सगळ्यांच्या एक शब्द मागे, अडखळत. बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. माझ्यासाठी त्यांचे डोळे कधी असे भरले नव्हते.

एकदा डहाणूच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली. मी जरा खोचकपणेच विचारलं, ‘‘आता शंका संपल्या वाटतं, मावशी?’’

‘‘कुठल्या संपतात! आज उठले तेव्हाबी होत्या,’’ ती म्हणाली. ‘‘पण तिला आंघोळ घालायची होती.’’

बाबा शेवटचे आजारी पडले तेव्हा त्यांनी प्रार्थनेला तिला बोलावलं, मला नाही. ती वाडीतून तशीच आली, हाताला चिकूचा चीक. त्यांचा हात धरून एवढंच म्हणाली, ‘‘देवा, हा माणूस तुझा आहे. त्याला भिऊ देऊ नको.’’ बाबा शांत झोपले. मी दाराआड रडत होते. ते सगळंच रडणं काही बाबांसाठी नव्हतं.

मागच्या वर्षी पणबाई गेली. पहिली मूठमाती तिच्या सवतीनं दिली. लोक पांगल्यावर मी सवतीजवळ गेले. इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं तोंडून निघून गेलं. ‘‘मला तिचा फार हेवा वाटायचा.’’

ती हाताची माती झटकत म्हणाली, ‘‘तिला तुमचा वाटायचा. म्हणायची, पाळकांच्या पोरीला देव घरातच मिळाला. मला रोज नव्यानं शोधायला लागतो.’’

मी डहाणूला परतायची शेवटची एसटी सोडून दिली आणि तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. त्या घरात मी त्याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिनं भात वाढला आणि म्हणाली, ‘‘तुम्ही करा प्रार्थना.’’

‘‘तूच कर,’’ मी म्हटलं. ‘‘मी तुझ्या मागून म्हणते.’’