निम्मं कोयनेल

अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडातल्या कापसाला विलायतेतून मागणी आली, त्या वर्षांत मी अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टरसाहेबांनी लिहून दिलेलं औषध कालवायचं, बाटल्या भरायच्या आणि दर दोन दिवसांनी गावाबाहेरच्या धर्मशाळेत जाऊन तिथल्या रोग्यांना औषध पाजायचं, हे माझं काम. धर्मशाळेत बारा-तेरा जण कायमचे पडून होते. कोणाचे पाय गेलेले, कोणाला महारोग, कोणाला घरच्यांनी आणून सोडलेलं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर तापाची साथ आली. घरोघरी माणसं थंडीनं कुडकुडत होती आणि ताप उतरला की तशीच कापूस वेचायला जात होती. दवाखान्यासमोर सकाळपासून रांग लागे. त्याच सुमारास मोर्शीकडे पटकीनं माणसं मरू लागली म्हणून डॉक्टरसाहेबांना तिकडे जावं लागलं. निघताना त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हाती दिली.

"तापावरचं कोयनेल थोडं आहे," ते म्हणाले. "ज्याला सुरू कराल त्याला पुरतं द्या. निम्मं देऊन कोणीच बरा होत नाही. संपलं तर संपलं म्हणून सांगा. आणि धर्मशाळेला वगळू नका."

मी हो म्हणालो. नवी पेटी येणारच होती. पण ती अकोल्यातच पडून राहिली. गाडीवानांनी ती उतरवून ठेवली आणि बैल कापसाला जुंपले. मी दोनदा माणूस पाठवला. एकही गाडी रिकामी नाही, असाच निरोप दोन्ही वेळा आला.

रांग वाढतच होती. बाया पदराखाली लेकरं घेऊन उभ्या असत. एवढ्या लोकांना "संपलं" म्हणून सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. एका सकाळी मी कोयनेल निम्मं घातलं आणि कडूपणा यावा म्हणून काडेचिराईताचा काढा ओतला. कोणाला कळलं नाही. कडू लागलं की औषध जोरदार आहे, असं लोक समजत. चार दिवसांनी मी निम्म्याचंही निम्मं केलं.

त्याच आठवड्यात माझी बायको तापानं पडली. तिच्यासाठी मी पुरतं कोयनेल मोजलं, त्याच बरणीतून.

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "तिकडे सगळ्याईले असंच देता ना?"

"सगळ्याईले असंच," मी म्हणालो. तिनं पेला रिकामा केला.

रांगेत एक माळीण येत असे. बडनेऱ्याच्या वाटेवर तिचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. नवरा तापानं अंथरुणाला खिळला होता. ती रोज बाटली घेऊन येई आणि रोज विचारी, "दादा, कडू तं लय लागते, पण ताप काहून जात नाही?"

"जाईल. नेम चुकवू नका."

एकदा तिनं फारच गळ घातली म्हणून मी मळ्यात गेलो. नवरा खाटेवर पडला होता, डोळे पिवळे, ओठ फाटलेले. मला पाहून उठायला लागला. दवाखान्याचा माणूस घरी आला याचंच त्याला अप्रूप. "येळेवर घेऊन राहिलो मी," तो म्हणाला. "एक बी घोट सांडला नाही." मी त्याची नाडी धरून बसलो.

तिथून धर्मशाळेत गेलो. तिथे एक म्हातारा कोष्टी होता, कमरेखालून लुळा, तीन वर्षं जागेवर. त्यालाही ताप येत होता. मी पेला ओठाला लावला, त्यानं एक घोट घेतला आणि मान फिरवली.

"हे ते औषध नव्हं," तो म्हणाला. "पह्यले आंबट लागे, मंग कडू. आता नुसतं पाल्यावानी कडू हाय."

कोयनेल आम्लात विरघळवून देत, म्हणून ते आंबट लागे. "हळू बोला, बाबा."

"काहून?"

मी त्याच्या खाटेशी बसलो आणि खालच्या आवाजात सांगितलं की औषध कमी आहे, सगळ्यांना पुरवायचं आहे, कोणाला सांगू नका. माझ्या घरच्या पेल्याबद्दल मात्र बोललो नाही.

"मंग मले सांगाचं होतं," तो म्हणाला. "आमी हालू शकत नाही, म्हणून काय आमाले सांगाचं बी नाही?"

उरलेलं औषध त्यानं घेतलं नाही. बाकीचे एकामागून एक प्यायले आणि मी पाजत गेलो. त्या आठवड्यात तिथले दोघं गेले. ते तसेही जाणार होते, असं मी स्वतःला सांगितलं. आजही ते खरं की खोटं, मला ठरवता येत नाही.

माळीण मग तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी आली ती रांगेत उभी न राहता सरळ पुढे आली. कपाळ मोकळं होतं. तिनं बाटली राखेनं घासून स्वच्छ करून आणली होती.

"घ्या," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाले लागन."

ती बाटली माझ्याच्यानं घेववली नाही. मी तिला पायरीवर बसवलं आणि सांगितलं. निम्मं कोयनेल, मग त्याचंही निम्मं, काडेचिराईत, सगळं. रांगेतले लोक ऐकत होते. मला आता थांबता येत नव्हतं.

"कोणालेच पुरतं नाही देलं?" तिनं विचारलं.

"एकीला दिलं. माझ्या बायकोला."

"वाचली?"

"हो."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तिले सांगजा," एवढंच म्हणाली आणि उठून गेली. रांगेतली बरीच माणसं तिच्यामागून निघून गेली. काहींनी हातातल्या बाटल्या पायरीवरच उपड्या केल्या.

घरी जाऊन मी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हातातली भाकरी तिनं तव्यावर टाकली, भाजली, मला वाढली. स्वतः जेवली नाही. बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. ताप पुन्हा आला तर औषध घेणार नाही, असं तिनं मला बजावलं. तो आला नाही, हे माझं नशीब.

डॉक्टरसाहेब परतल्यावर त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी किल्ली मागून घेतली. "मी एकच गोष्ट सांगून गेलो होतो," ते म्हणाले. त्यांनी मला काढून टाकलं असतं तर बरं वाटलं असतं. पण माणूस मिळत नव्हता. मी औषध कालवत राहिलो आणि ते शेजारी उभे राहून पाहत राहिले.

पेटी आली तेव्हा साथ ओसरत होती. थोड्याच दिवसांत कळलं की माळणीची धाकटी मुलगी तापानं फणफणली आहे. मी पुरतं औषध घेऊन मळ्यात गेलो. ती विहिरीजवळ मिरच्यांना पाणी देत होती.

"हे खरं आहे," मी म्हणालो. "डॉक्टरसाहेबांनी स्वतः मोजलं आहे."

"असन," ती म्हणाली. "पण आमी नाही घेत आता."

"मुलीसाठी तरी घ्या, बाई."

"तिच्यासाठीच नाही घेत."

तिचा आवाज चढला नव्हता. तिनं फावड्यानं पाटाचं एक दार बांधलं, दुसरं फोडलं आणि पाणी पुढच्या सरीत गेलं. मी दुपारपर्यंत बांधावर उभा होतो. मुलगी झोपडीत कण्हत होती, ते मला ऐकू येत होतं. शेवटी मी परत फिरलो.

मुलगी वाचली. ताप कशानं उतरला, मला माहीत नाही. त्या मळ्यातलं कोणीही पुन्हा आमच्या दवाखान्यात आलं नाही.