दोन हरेश्वर आणि एक खांब

हरेश्वर एका जागी बसलेला वटार गावात कुणी पाहिलेला नाही. केळीला पाणी लावलं की पाण्याच्या आधी तोच शेवटच्या वाफ्याशी पोचलेला असतो. जेवायला बसतो तेही एक पाय उंबऱ्याकडे ठेवून, घराला आग लागली तर पहिला बाहेर पडणारा आपणच असावं अशा बेताने. त्याची बायको हंसा खाडीकाठच्या गावातून या घरात आली. ती म्हणते, "आमच्याकडे भरतीचं पानीसुद्धा मागं फिरायच्या आधी घटकाभर थांबतं. हा मानूस थांबत नाही."

अशा माणसाला घर पुरत नाही, म्हणून तो नाटकात गेला. गावच्या हौशी मंडळात तरुणपणापासून मुख्य भूमिका त्याचीच, आणि त्याचं मुख्य यश म्हणजे 'वाटणी' नावाचं छोटं प्रहसन. गावातल्याच एका मास्तरांनी ते कधीकाळी लिहिलं. दोन भाऊ आणि एक बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. थोरला भाऊ बावखलीवर हक्क सांगत सगळं स्टेज पायाखाली घालतो. धाकटा खुर्चीत बसून अधूनमधून एखादं वाक्य सोडतो. शेवटी धाकटा म्हणतो, "बावखल तू घे. तहान तेवढी माझ्याकडे राहू दे," आणि पडदा पडतो. थोरला हरेश्वर. धाकटा रामनाथ.

रामनाथ त्याचा शाळेपासूनचा सोबती; त्याची सोनचाफ्याची वाडी हरेश्वरच्या केळीला लागून. बोलणं बेताचंच. दोघांची मैत्री इतकी वर्षं टिकली, ती एकाला ऐकणारा हवा होता आणि दुसऱ्याला बोलायचा कंटाळा होता म्हणून, असं गावाचं मत. गावाची मतं सहसा उथळ असतात, पण सगळीच चुकत नाहीत.

गेल्या वर्षीच्या उत्सवात शेवटचं वाक्य आलं आणि रामनाथ थांबला. जरा जास्तच थांबला. हरेश्वरला वाटलं, गडी विसरला. त्याने लगेच धाकट्याच्या खुर्चीमागे जाऊन, रामनाथच्या खांद्यावर हात ठेवून, ते वाक्य स्वतःच म्हणून टाकलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. रामनाथ उठला, आपली खुर्ची विंगेत नेऊन भिंतीला लावली आणि घरी गेला. तेव्हापासून दोन वाड्यांमधल्या कुंपणावरून फक्त कोंबड्या येतात-जातात.

"मी त्याची लाज राखली," हरेश्वर येईल त्याला सांगत असे. हंसाला हे इतक्यांदा ऐकवलं होतं की ती मधल्या जागी हुंकारही देईनाशी झाली होती.

यंदा मंडळाला पन्नास वर्षं झाली. बैठकीत अध्यक्ष प्रल्हाद यांनी घसा साफ केला. नाजूक विषयाआधी ते नेहमी घसा साफ करतात, त्यामुळे नाजूक विषय सगळ्यांना आधीच कळतो.

"'वाटणी' तर व्हायलाच पाहिजे," ते म्हणाले. "पण तुम्हा दोघांचं हे असं. तेव्हा आम्ही म्हणतो, चिरागच्या ग्रुपला देऊ. पोरं उत्साही आहेत."

हरेश्वर उभा राहिला असता, पण तो आधीपासूनच उभा होता. "कशाला? दोन्ही भाऊ मी करतो."

"कसे? आरसा धरून?" मागून कुणीतरी म्हणालं.

"व्हिडिओत. आमची संजना करते तसलं. पडद्यावर दाखवायचं."

प्रल्हादांनी पुन्हा घसा साफ केला. "रविवारपर्यंत करून दाखव. नाही जमलं तर चिराग."

नुसती भूमिका गेली असती तर हरेश्वरने आठ दिवस शिव्या घालून सोडून दिलं असतं. पण त्याच्या मनाचा हिशेब वेगळा होता. जोवर 'वाटणी' त्या दोघांची होती तोवर हे भांडण म्हणजे मध्यंतर होतं. ती दुसऱ्यांनी केली की नाटकच संपलं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. आयुष्यात न सांगितलेली ही बहुधा त्याची पहिलीच गोष्ट.

संजना त्याची पुतणी. बोळिंजला राहते, लग्नांचे व्हिडिओ करते. एका लग्नाआधीच्या फिल्ममध्ये तिने नवऱ्या मुलाला स्वतःलाच चहा देताना दाखवलं होतं. हरेश्वरने ते फोनवर पाहिलं होतं. ती स्कूटरवर ट्रायपॉड घेऊन आली, घराच्या ओटीवर खांबाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या मांडल्या आणि समोर अंगणात कॅमेरा घट्ट बसवला.

"काका, कॅमेरा हलणार नाही, खुर्च्या हलणार नाहीत, उजेड बदलायच्या आत उरकायचं. आधी तुम्ही डावीकडे बसून थोरला करायचा. मग टोपी घालून उजवीकडे बसून धाकटा. मी डावी अर्धी एका व्हिडिओतली घेणार, उजवी अर्धी दुसऱ्यातली, आणि मधे जोडणार. जोड खांबात लपेल."

"एवढंच?"

"एवढंच. फक्त खांब ओलांडायचा नाही. ओलांडला तर तेवढे तुम्ही गायब."

हरेश्वरने पहिल्याच वाक्याला खांब ओलांडला. लॅपटॉपवर पाहिलं तर थोरल्या भावाचा हात कोपरापासून नाहीसा झाला होता आणि तो उरलेल्या हाताने हक्क सांगत होता. दुसऱ्या खेपेला तो तावातावाने उठून पलीकडे गेला आणि अख्खाच विरघळला. आवाज मात्र चालू. तिसऱ्या खेपेला हंसा चहा घेऊन आली आणि खांबापाशी अर्धी राहिली.

"ह्यात माझी पाठच नाही!" हंसा म्हणाली.

"चहा ठेव आणि जा गं!"

"पाठ नसलेली बाई चहा कसा ठेवनार?"

शेवटी संजनाने त्याचा एक पाय खुर्चीला ओढणीने बांधला. मग थोरला भाऊ एकदाचा डाव्या अर्ध्यात राहिला. हरेश्वर घामाघूम झाला, पण खूश होता. खुर्चीची गाठ सोडून, टोपी घालून तो उजव्या खुर्चीत बसला; ओढणी पायालाच राहिली. संजनाने मघाचा आवाज फोनवर लावून त्याच्या कानात वायर घातली. "आता थोरल्याचं ऐकायचं आणि मधल्या जागांत धाकट्याची वाक्यं बोलायची."

थोरला सुरू झाला. धाकट्याने पहिलं वाक्य बोलायला तोंड उघडलं. थोरला थांबलाच नाही. दुसऱ्याला उघडलं, तोवर थोरला तिसऱ्यावर होता. हरेश्वर तोंड उघडून मिटत राहिला, बावखलीतल्या माशासारखा. स्वतःचाच आवाज कानात धो धो वाहत होता आणि त्यात बोट शिरकवायला फट नव्हती.

"अरे, थांब की जरा!" तो ओरडला.

"कोणाला म्हणताय?" संजनाने विचारलं.

 हरेश्वरने वायर काढली, पुन्हा घातली, पुन्हा ऐकलं. इतकी वर्षं रामनाथ याच्यातून वाक्यं काढत होता. कुठून? हरेश्वरला आठवू लागलं. तो खोकायचा, आणि थोरला खोकल्याकडे बघायचा. तो सावकाश चष्मा पुसायचा, आणि लोक चष्म्याकडे बघून हसायला लागायचे. हसू ओसरेपर्यंत हरेश्वरला थांबावंच लागायचं, आणि त्या थांबण्यात रामनाथचं वाक्य बसायचं. ते हसू आपलं, असं हरेश्वर समजत होता. घरी येऊन हंसाला सांगतही होता.

आणि गेल्या वर्षी रामनाथ विसरला नव्हता. तो थांबला होता.

पायाची ओढणी तशीच ओढत हरेश्वर कुंपणातून पलीकडे गेला. रामनाथ फुलं निवडत बसला होता.

"तू विसरला नव्हतास," हरेश्वर म्हणाला.

"नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बोलू दिलंस कधी?"

हरेश्वर अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. परत आला. "रविवारपर्यंत नाही झालं तर चिरागला देतायत. चल ना."

"देवीसमोर नारळ ठेवून बोललोय. तुझ्याबरोबर स्टेजवर बसणार नाही."

"नारळ! एवढ्याशा गोष्टीला?"

"माझी तेवढीच होती."

कुंपणाशी संजना येऊन उभी होती. तिने ओढणी परत मागितली आणि मग सहज म्हणाली, "रामनाथकाका, बरोबर बसायची गरजच नाही. तुम्ही आधी या, तुमची अर्धी बाजू करा, घरी जा. नंतर काका करतील. दोघं एकमेकांच्या समोर येणारच नाहीत."

रामनाथने एक फूल निवडून बाजूला ठेवलं. देवीला दिलेल्या शब्दात हे बसतं का, याचा त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "हा घरात नसेल तर येतो," तो म्हणाला.

हरेश्वरला त्याच्याच घरातून हाकललं गेलं. वाडीच्या दुसऱ्या टोकाला तो एकाच केळीला पाणी लावत राहिला, ती पोहायला लागेपर्यंत. रामनाथ आला, बसला, समोर कुणी नसताना एका दमात धाकटा करून गेला.

मग हरेश्वरची पाळी. कानात वायर. या वेळी आवाज रामनाथचा होता, आणि त्याहून जास्त रामनाथचं न बोलणं. त्यात खोकला होता, खुर्चीची करकर होती, चाफ्यावरच्या पाखरांचा कलकलाट होता. थोरल्याने त्या जागांत मावायचं होतं. त्याला कितीदा अर्ध्यात थांबवून परत सुरू केलं याची मोजदाद संजनाने ठेवली नाही. उजेड उतरायच्या जेमतेम आधी तो शेवटापर्यंत पोचला. शेवटी कानात नुसती शांतता आली. जीभ टाळ्याला लावून, दोन्ही हातांनी खुर्ची धरून, हरेश्वर तिच्यात बसून राहिला. रामनाथचं ते वाक्य संपेपर्यंत.

प्रल्हादांनी रविवारी पाहिलं आणि घसा साफ न करता मान डोलावली.

उत्सवाच्या संध्याकाळी मंडपात 'वाटणी' दाखवली. लोकांना वाटलं, दोघांचा समेट झाला. बायकांनी हंसाला विचारलंही, ती म्हणाली, "मला काय विचारता, मी त्यात अर्धीसुद्धा नाही." रामनाथ मागच्या रांगेत कडेला बसला होता. हरेश्वर मंडपाभोवती घिरट्या घालत होता. तिसऱ्या की चौथ्या फेरीला तो रामनाथच्या खुर्चीमागे येऊन थांबला. पडद्यावर शेवटची शांतता सुरू झाली होती आणि मंडप चिडीचूप होता.

"उभा का?" रामनाथ मागे न बघता म्हणाला. "बस."

"बसवत नाही रे."

"मग उभा राहा. पण गप्प."