हातमोज्यांचा किस्सा

"हातमोजे घाल," तो म्हणाला. "म्हणजे कुणाची हरकत राहणार नाही."

भूकंपानंतरचे दिवस. औशाच्या पलीकडचं एक गाव, निम्मं ढिगाऱ्याखाली. नांदेडच्या आमच्या आरोग्य शिक्षणसंस्थेनं आम्हा विद्यार्थ्यांना स्वयंसेवक म्हणून पाठवलं होतं. ब्लिचिंग पावडर बादलीत कालवायची, गाळ खाली बसला की वरच्या पाण्याची बादली दोरानं विहिरीत सोडायची. हे काम माझ्याकडे. मी काठावर चढले, तसा एक म्हातारा काठी आपटत आला. त्याचं घर पडलेलं, सून गेलेली. तरी त्याला आधी हेच विचारायचं होतं.

"पोरगी कुणाची हाय?"

मी आडनाव सांगितलं.

"मग उतर खाली. आमचं पाणी बाटवायचं न्हाई."

पाणी शुद्ध करायला गेलेली मी, आणि माझ्यामुळेच पाणी बाटणार. मी आमच्या तुकडीच्या प्रमुखाकडे पाहिलं. माझ्यापेक्षा एक वर्ष पुढे, लातूरच्या डॉक्टरचा मुलगा, समतेवरच्या भाषणात पहिला नंबर. वाटलं, हा भांडेल. त्यानं पिशवीतून रबरी हातमोजे काढले. ते मढी उचलणाऱ्यांसाठी आले होते.

म्हातारा खूश. गाव खूश. हा तर सगळ्यांत खूश. मी हातमोजे घातले. एकटी होते, आणि लोक तहानलेले होते.

संध्याकाळी गावाबाहेरच्या वस्तीत गेलो. माझ्याच जातीची माणसं. तिथल्या आडावर मी पुन्हा हातमोजे चढवायला लागले, तर तो म्हणाला, "इथं कशाला? काढ. जपून वापर, उद्या लागतील." काढले. पावडरीनं बोटांची सालं निघाली. हातमोजे माझ्या कातडीसाठी नव्हतेच, त्यांच्या विहिरीसाठी होते. हे मला त्या आडावर कळलं, आणि तरी मी बादली आडात सोडली.

वर्षं गेली. लातूर कोचिंगचं शहर झालं. चौकाचौकात गुणवंत पोरांचे फोटो, आणि त्यांच्या वर भला मोठा फोटो त्याचा. मेडिकल प्रवेशाचे क्लास त्याचे, होस्टेल त्याचं, मेस त्याची. मी आरोग्य खात्यात लागले. अहमदपूर, शिरूर अनंतपाळ, जिथं टाकतील तिथं राहिले. सुट्टीच्या दिवशी नांदेडला जाऊन पहिल्या वर्षाच्या मुलांना फुकट शिकवायची. माजी विद्यार्थ्यांची सेवा म्हणतात त्याला.

संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला तो त्याच्याच क्लासच्या सभागृहात. उत्कृष्ट माजी विद्यार्थी, शाल, श्रीफळ, सगळं त्यालाच. मी दारात उभी, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला. सत्काराला उत्तर देताना त्यानं भूकंपाची गोष्ट काढली.

"गाव काही ऐकेना. मग मी एक युक्ती केली. मुलीला सरळ हातमोजे घालायला लावले! भांडण नाही, तंटा नाही, काम फत्ते. याला म्हणतात लोकसहभाग."

सभागृह खदखदून हसलं. टाळ्या पडल्या. संस्थेच्या संचालकांनी माईक घेतला. "हा प्रसंग यंदापासून आपल्या मुलांना शिकवायलाच हवा."

माझं डोकं फिरलं. मी खुर्च्यांमधून चालत पुढं गेले.

"ती मुलगी मी."

तो क्षणभर गडबडला. मग हात पसरून हसला. "अरे वा! या ताई, वर या. फोटो घेऊ."

"फोटो नको. माफी मागा. इथंच, माईकवर."

"ताई, तेव्हा परिस्थितीच तशी होती. पाणी शुद्ध झालं ना शेवटी?"

"मग वस्तीच्या आडावर हातमोजे का काढायला लावले?"

हे त्याच्या किश्शात नव्हतं. तो शाल सावरत खाली बसला. संचालक म्हणाले, "मॅडम, कार्यक्रमाला गालबोट लावू नका." नंतर चहाच्या टेबलापाशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "इतकी वर्षं झाली. राग धरू नये माणसानं."

मी धरलाय. त्याचे क्लास बुडावेत, त्याच्या पाट्या उतराव्यात, असं मला वाटतं. लपवायचं काय त्यात? पण तेवढ्यानं माझं भागत नाही. ज्या गोष्टीवर त्यानं टाळ्या घेतल्या, त्याच गोष्टीनं त्याची मान खाली गेलेली मला पाहायचीय.

संचालकांना म्हणाले, "प्रसंग शिकवायचाय ना? मीच शिकवते."

ते कप ठेवून निघून गेले.

येत्या रविवारी नव्या मुलांचा पहिला तास आहे. विहीर सांगणार, आड सांगणार, त्याचं नाव-आडनाव फळ्यावर लिहिणार. दर वर्षी, दर नव्या तुकडीला. संस्थेनं मला काढलं तर त्याच्या होस्टेलच्या फाटकात उभी राहून सांगेन. त्याची स्वतःची पोरं समोर बसली तर त्यांनाही सांगेन, डोळ्यांत डोळे घालून.

आणि उद्या तो माफी मागायला आला, तर ती आता मला नको.