कमानीचे कोपरे

आज मी आर्किटेक्ट आहे तो मामांमुळे. मामा गडहिंग्लजचे गवंडी. बारावीनंतर मला कामावर न नेता त्यांनी कॉलेजात पाठवलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. कमान बांधून झाली की तिच्या दोन्ही बाजूंच्या दगडांवर मामा गेरूची फुली मारायचे. फुली असेल तिथं छिन्नी लावायची नाही.

कॉलेजात या जागेला ‘स्पँड्रल’ म्हणतात हे कळलं. कमानीची गोलाई आणि भोवतीची चौकट यांच्यामध्ये उरणारी तिकोनी जागा. जिन्याखालचा तिकोन म्हणजेही स्पँड्रल. राजारामपुरीतल्या ऑफिसात लागलो तर तिथं काचेच्या इमारतीत एका मजल्याची खिडकी संपून वरच्या मजल्याची सुरू होईपर्यंतच्या पट्टीलाही तेच नाव. तिन्ही अर्थ तोंडपाठ होते.

मग शिवाजी पेठेतल्या एका तालमीची जुनी दगडी कमान दुरुस्तीला आली. नकाशात मी दोन्ही कोपरे कोरे ठेवले आणि त्यात नुसतं ते नाव लिहिलं. कमिटीत एकाला तिथं देणगीदारांची पाटी हवी, दुसऱ्याला पैलवानांचे फोटो, तिसऱ्याला दगड पोखरून स्पीकर. चार बैठका झाल्या. कमान बाहेर फाकू नये म्हणून तिथलं वजन लागतं, हे चारही वेळा सांगितलं. माना हलल्या, चहा आला, आणि पुन्हा स्पीकर निघाला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “सायेब, कागदावर तुम्हीच रिकामं सोडलंय न्हवं? मग भरू दे की आमाला.”

सोमवारी जाऊन बघतो तर डावा कोपरा पोखरलेला आणि कमानीच्या माथ्याला बोटभर भेग. टेकू लावून घेतले आणि ठेकेदारावर ओरडलो. त्यानं माझाच नकाशा उलगडून समोर धरला.

मामांना फोनवर ऐकू येत नाही. म्हणून पत्र लिहिलं:

“मामा, नमस्कार. तालमीची कमान टेकूवर उभी आहे. चूक माझी. तुमची फुली आठवत होती, पण कॉलेजात कुणी काढत नाही म्हणून मीही काढली नाही. नव्या नकाशात काढली आहे. दगड परत बसवायचे आहेत आणि इथं माझं कुणी ऐकत नाही. रविवारच्या एसटीनं या. येताना गेरू आणा. इथं मागितला तर ऑइलपेंटचा डबा आणून देतात.”