फक्त शेवटचा निरोप

बाबांच्या खाटेशेजारी मी चार बटणांची पाटी बसवली तेव्हा आमच्या लालबागच्या चाळीत माझं केवढं कौतुक झालं! अर्धांगाच्या झटक्याने बाबांची वाचा आणि उजवा हात गेला होता. डाव्या हाताने बटण दाबलं की निरोप माझ्या फोनवर. पाणी, लघवी आणि 'ये', ही तीन बटणं माझ्या डोक्यातून निघालेली. चौथं बाबांनी मागून घेतलं. तळहात खाली करून त्यांनी हवेत दोनदा हलवला. मी ओळखलं आणि चिकटपट्टीवर लिहिलं, 'चालू दे'.

ती खूण आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. बाबांची सगळी नोकरी गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर झाली. मागांच्या खडखडाटात माणसाचा आवाज शेजारच्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून तिथे हातांनी बोलायचे. कुणाला बोलवायचं तर बोटाने 'ये', आणि लगेच तळहात खाली करून 'चालू दे'. म्हणजे घाबरून काम टाकून धावू नकोस, हातातलं उरक आणि ये. गिरणी बंद पडली, सवय काही गेली नाही. मला जेवायला बोलावलं तरी मागून 'चालू दे' असायचंच. आई आणि मी त्यांची नक्कल करून हसायचो. तेही हसायचे.

मी प्रोग्रामर. ऑफिस परळला, घरापासून चालत पंधरा मिनिटं. आम्ही प्रोग्रामिंगची जी फंक्शनल भाषा वापरतो तिच्यात एक काम दुसऱ्यासाठी खोळंबू नये म्हणून चॅनेल असतात. दोन कामांच्या मध्ये एक फळी आहे असं समजा. एकाने तिच्यावर निरोप ठेवायचा आणि आपल्या वाटेने जायचं, दुसऱ्याने सवडीने उचलायचा. कुणी कुणासाठी ताटकळत नाही. फळीवर किती निरोप मावतील आणि ती भरली तर काय करायचं, ते आपण सांगायचं. बाबांची पाटी मी तशीच बांधली. माझी मीटिंग चालू असली की निरोप फळीवर थांबायचे, संपली की फोन एकेक उचलायचा.

सुरुवातीला मी सगळे निरोप ठेवत होतो. एकदा मीटिंगमधून बाहेर पडलो तर फोन थरथरायचा थांबेचना. पाणी, पाणी, पाणी, पाणी. घरी फोन केला तर आईने कधीच पाणी पाजलं होतं. बटण नीट दाबलं गेलं की नाही याची बाबांना खात्री नसायची, म्हणून ते दाबतच राहायचे. मी वैतागलो. तसा मी फार लवकर वैतागतो. त्याच दुपारी फळीवर एकच जागा ठेवली. नवा निरोप आला की जुना आपोआप गळून पडेल. एका ओळीचा बदल होता.

शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने तो वाचून विचारलं, "आधीचे सगळे जातील हां. चालेल तुला?"

"शिळ्या निरोपांचं काय लोणचं घालायचंय?" मी म्हणालो.

त्या गुरुवारी आई दोन तासांसाठी घोडपदेवला आजारी मावशीला बघायला गेली होती. बाबा झोपलेले होते, आणि शेजारच्या काकू मधूनमधून डोकावणार होत्या. मी दुपारभर मीटिंगमध्ये. बाहेर आलो आणि फोन एकदाच थरथरला. 'चालू दे'. मला हसू आलं. स्वारी आज खुशीत दिसतेय, असं वाटलं. मी चहा घेतला, एक बिस्कीट खाल्लं आणि पुन्हा कामाला बसलो. थोड्या वेळाने काकूंचा फोन आला.

मी घरी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. झोपल्यासारखेच दिसत होते, असं काकू पुन्हा पुन्हा सांगत होत्या. आई घोडपदेवहून आली ती दारातच बसली. तिने मला विचारलं ते एवढंच, "तुका बोलावल्यानी नाय रे?"

"नाही गं आई. हे बघ." मी तिला फोन दाखवला. ती त्या दोन शब्दांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली.

तेरावं झाल्यावर मी पाटी काढायला बसलो. दाबलेलं प्रत्येक बटण चॅनेलमध्ये जाण्याआधी एका फाईलमध्ये उतरत होतं. ती सोय मीच केली होती आणि विसरूनही गेलो होतो. सहज उघडली आणि त्या गुरुवारच्या नोंदींपाशी आलो. 'ये'. 'चालू दे'. 'ये'. 'चालू दे'. मग नुसतंच 'ये', 'ये', 'ये'. मग बऱ्याच वेळाने एकदा 'चालू दे'.

मी तिथेच फरशीवर बसून रडलो. मला ती खूण कळत नव्हती असं थोडंच आहे? कळायला लागल्यापासून मला माहीत होतं, बाबांचं 'चालू दे' एकटं कधीच येत नाही, त्याच्या आधी बोलावणं असतंच. चॅनेलचं काही चुकलं नाही. मी सांगितलं तेवढंच त्याने केलं. पंधरा मिनिटं, धावत गेलो असतो तर आठ. पोचून काही उपयोग झाला असता की नाही, मला ठाऊक नाही. निदान त्यांना मी आलेला दिसलो असतो.

फाईल मी आईला दाखवलेली नाही. दाखवली तर ती घोडपदेवचे ते दोन तास जन्मभर उगाळत बसेल. माझं माझ्यापाशी राहू दे. अजून कुणी ना कुणी भेटायला येतं. आई चहा ठेवते, बाबांच्या फोटोकडे बघते आणि प्रत्येकाला तेच सांगते, "काय एक त्रास झालो नाय त्यांका. जाताना झिलाक 'चालू दे' सांगान गेले." मग ती माझ्याकडे वळून विचारते, "होय ना रे?"

मी हो म्हणतो.