पहाटे पाचला निघणारी सोसायटी

रिपोर्टरकीतून निवृत्त झालो तेव्हा वाटलं, किस्से संपले. मंत्र्यांच्या दारात ताटकळल्याशिवाय इतकी सराईत खोटं बोलणारी माणसं आता भेटणार कुठे? पण नोएडातल्या आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गाड्या चार्ज करायची दोन यंत्रं बसली आणि माझी सोय झाली. गाडीत राहिलेली पिशवी आणायला खाली जावं आणि किस्सा घेऊन वर यावं! पिशवी तिथेच.

यंत्रं दोन, गाड्या ढीगभर. म्हणून कमिटीने ॲप आणलं. ते दोनच प्रश्न विचारतं. बॅटरी किती उरलीय? आणि तुम्ही निघणार कधी? ज्याची बॅटरी कमी आणि ज्याला घाई, त्याचा नंबर आधी. कोणी काय भरलं, ते सगळ्यांना दिसतं. पण खरं की खोटं, हे ॲपला कळत नाही. म्हणजे सगळा कारभार माणसाच्या खरेपणावर! तोही दिल्लीच्या आसपास! मी मीटिंगमध्ये उभा राहून कडाडलो. सेक्रेटरी चड्ढाजी म्हणाले, "पत्रकार साहब, थोड़ा भरोसा भी रखो यार!"

*

पहिल्याच आठवड्यात ॲपवर दिसलं, की अख्खी सोसायटी पहाटे पाचला घराबाहेर पडते. पेन्शनर पाचला, रात्रपाळीवाले पाचला, ज्यांचं ऑफिस घरातच आहे तेही पाचला!

बातमी पडताळून पाहायची सवय. गेलो गेटवर. पाच वाजले. एक कुत्रं बाहेर गेलं. बाकी कोणी नाही. वॉचमन डोळे चोळत म्हणाला, "साहब, इस टाइम तो दूधवाला भी नहीं आता!"

*

आमच्या वरच्या मजल्यावर निकम राहतात. साताऱ्याकडचे, आयटीत मॅनेजर. माणूस लाख. पण ॲपवर त्यांची बॅटरी सदा चार टक्के. एकदा मी त्यांच्या गाडीत डोकावलो. ब्याऐंशी!

"निकम, हे काय?" मी आवाज चढवला.

ते अजिबात गडबडले नाहीत. "सर, तो बफर धरून दिलेला आकडा आहे. प्रोजेक्टमध्ये आम्ही असंच एस्टिमेट देतो!"

*

ॲपमध्ये इमर्जन्सीचं लाल बटण आहे. मिसेस गुप्तांनी ते दाबलं आणि कारण लिहिलं, 'हॉस्पिटल'. सगळे हळहळले. मी माझा नंबर सोडला. बायकोने पेज करून ठेवली.

संध्याकाळी बाई गाडीतून उतरल्या, दोन्ही हातांत सरोजिनी नगरच्या कपडेबाजाराच्या पिशव्या. माझा पारा चढला. "मॅडम, कौन से हॉस्पिटल में कुर्ते मिलते हैं?"

"भाईसाहब," त्या शांतपणे म्हणाल्या, "रास्ते में दो-दो हॉस्पिटल पड़ते हैं!"

मग पिशवीतला एक कुर्ता काढून माझ्या हातात ठेवला. "भाभीजी के लिए. उनका कलर है." आता भांडा!

*

मग निकमांचे वडील आले. अण्णा. एसटीत कंडक्टर होते, अजूनही चालताना एक हात वर, दांडी धरल्यासारखा. पहिल्याच दिवशी त्यांनी पाहिलं, की रिकाम्या यंत्रावर चड्ढाजींचा टॉवेल बांधलाय. जागा धरलीय! ॲपला सगळे गंडवत होते, पण त्या टॉवेलला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती.

अण्णांनी टॉवेल सोडला, घडी घातली आणि चड्ढाजींच्या दारात उभे राहिले.

"इसका टिकट निकाला क्या?"

"किसका?"

"टॉवेल का. हमारे गाडी में जगह आदमी को मिलती. टॉवेल को नहीं."

चड्ढाजींनी त्यांना आत बोलावून पराठे खाऊ घातले. तेव्हापासून दोघं सकाळी बरोबर फिरतात. एकमेकांचं निम्मं कळत नाही, म्हणून वाद नाही.

*

अण्णांना पानिपतला जायचं होतं. तिथल्या 'काला अंब' या लढाईच्या स्मारकाला. त्यांच्या घराण्यातला कोणीतरी त्या लढाईत गेला तो परत आला नाही, एवढंच घरात सांगत आलेत. नाव कुणाला माहीत नाही. "नाव नाही तर नाही," अण्णा म्हणायचे, "आपण आलो होतो एवढं तर त्याला कळेल."

मुलगा दर रविवारी नेणार होता. पण ॲप अण्णांनी स्वतःकडे घेतलं होतं. बॅटरी? अडतीस. निघणार? सकाळी दहा. सगळं खरं! नंबर अर्थातच शेवटचा.

"अण्णा, चार टाका ना!" निकम विनवायचे. "नाहीतर रस्त्यात चार्ज करू."

"गाडी डेपोतून भरूनच निघते. आणि ज्याच्या पाया पडायला चाललोय, त्याच्याकडे थाप मारून जायचं?"

असे सगळे रविवार गेले. शेवटचा एकच उरला. सोमवारी अण्णांची परतीची गाडी. आणि डोळे अधू होत चाललेत, पुन्हा एवढ्या लांब येणं होणार नाही, हे ते स्वतःच सांगायचे.

*

त्या शनिवारी संध्याकाळी मी बेसमेंटमध्ये उतरलो. मला दुसऱ्या दिवशी सकाळीच गुरुग्रामला जायचं होतं आणि गाडीत नऊ टक्के होते. ॲप उघडलं.

चड्ढाजी: बॅटरी नव्याण्णव, निघणार पुढच्या महिन्यात. माझ्या डोळ्यांदेखत दुपारी त्यांची गाडी दोघांनी ढकलत आत आणली होती!

मिसेस गुप्ता: बॅटरी शंभर, कुठेही जायचं नाही. झाडून सगळी सोसायटी, नव्वदीच्या वर. पाचला निघणारं कोणीही नाही.

अडतीसवाला एकच. एक यंत्र सकाळपासून बंद पडलेलं, दुसऱ्याचा हिरवा दिवा निकमांच्या गाडीवर लागलेला, आणि शेजारी अण्णा उभे. अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, जणू आत्ताच निघायचंय.

"बघा पेपरवाले!" त्यांनी फोन माझ्यापुढे नाचवला. "लागला का नाही नंबर? तुम्ही उगाच म्हणता, इथे सगळे खोटारडे. खरं बोललं की मिळतं माणसाला!"

मी फोन खिशात घातला.

"तुमची किती आहे हो?" अण्णांनी विचारलं.

"फुल्ल!" मी म्हणालो.