सगळ्याच तुकड्यांवर पाय

अन्याय माझ्या ताईवर झाला. तिच्या बारावीनंतर, नर्सिंगच्या मुलाखतीच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, चंद्रपुरात. मी बाहेरच्या बाकावर होतो आणि दाराला नुसता पडदा होता, म्हणून ऐकीव सांगत नाही.

पोंभुर्ण्याकडच्या आमच्या शाळेत इंग्रजीच्या मास्तरची जागा रिकामी. ताईच्या वेळी रिकामी, माझ्या वेळीही रिकामीच. मग इंग्रजी कोण शिकवणार? पीटीचे सर! माणूस प्रामाणिक. लांब शब्द आला की वर्ग उभा करायचे, शब्दाचे तुकडे पाडायचे आणि दर तुकड्याला पाय आपटायला लावायचे. इन-फर-मे-शन. "जोरानं आपटा बे, आवाज बाजारात गेला पायजे!" तुकडे चोख पडायचे. पण खरा जोर त्यातल्या एकावरच द्यायचा असतो, हे सरांनाच कोणी सांगितलं नव्हतं.

मुलाखतीत मॅडमनी 'रिस्पॉन्सिबिलिटी' वाचायला दिलं. ताईनं वाचलं. सहा तुकडे, सहाही सारखेच ठणठणीत, आणि टेबलाखाली पायाचा ठेका.

"परेड करतेस का गं?" मॅडम म्हणाल्या. "बरं, स्ट्रेस कुठं येतो?"

"सगळ्यावर, मॅडम."

आत हशा. पुढचा प्रश्नच नाही. वडील वनखात्यात, लहानपणी त्यांच्या बदल्यांमागे एटापल्ली-सिरोंचा करताना ताई गोंडी अन् तेलुगू दोन्ही शिकली होती. ते कोणी विचारलं नाही. सिरोंच्याचा पेशंट काय इंग्रजीत कण्हतो?

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "सांग ना बे, तुकडे बरोबर पडले होते का नाई?"

"पडले होते ना."

"मंग काऊन हसले ते?"

मले तरी कुठं माहीत होतं!

तिची निवड झाली नाही. पुढं कॉलेजात माझ्या हाती डिक्शनरी आली, तेव्हा त्या शब्दात 'बि'च्या आधी एक बारीक उभी रेघ दिसली. जोर तिथं. बस, एवढंच! एका तासात शिकवता आलं असतं. त्या तासाला मास्तर दिला नाही, आणि जाब विचारला तो ताईला.

तुम्ही मुलाखती घेत असाल, तर हसण्याआधी समोरच्या पोरीला विचारा, इंग्रजी शिकवायला कोण होतं तुला? कोणीच नव्हतं म्हणाली, तर तिला घरी पाठवू नका. तिच्या शाळेतली जागा कोणी रिकामी ठेवली, ते शोधा आणि त्याला समोर बसवा.